खंडेनवमीला पुजलेलं खोगीर

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे थोर पाहुणे, सोलापूर अश्वविद्या मंडळाचे तरुण चिटणीस शिवपुत्र, समितीचे सभासद, माझ्या हाताखाली घोड्यावरून पडलेले आणि न पडलेले माझे विद्यार्थी, उजव्या अंगाला बसलेल्या मातृभगिनी, आणि अगदी मागं, दारालगतच्या बाकावर बसलेले सिद्धप्पा जीनगर,

आपण मला शाल दिलीत, नारळ दिलात, गळ्यात हार घातलात. चैत्रातल्या सोलापुरात दुपारी चार वाजता अंगावर शाल घेणं हीसुद्धा एक शिक्षाच आहे. पण ती प्रेमानं दिलेली आहे, तेव्हा मी ती अंगावर ठेवतो. उभं राहून फार वेळ बोलवणार नाही. बावीस वर्षं रिसाल्यात आणि सोळा वर्षं या मंडळात, असा सगळा जन्म घोड्यावर गेल्यावर माणसाचे गुडघे जमिनीवर उभे राहायला कुरकुर करतात. मधेच बाकाचा आधार घेतला तर तो सभेचा अनादर समजू नये.

मी मोडनिंबचा. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं मराठी मी साहेबांना अर्ज लिहून लिहून शिकलो. त्यामुळं माझ्या बोलण्यात खोगीरभरती जास्त होते, असं आमच्या सोजरबाई म्हणतात. त्या समोर बसल्या आहेत. निघताना त्यांनी बजावलं आहे, "लांबण लावू नगा. आन सांगायचं असंल तर आज सांगा. न्हाय तर पुन्यांदा माज्याजवळ त्यो इषय काडायचा न्हाय." अडतीस वर्षं संसार केलेल्या बाईची आज्ञा मोडण्याची माझी छाती नाही.

आता मानपत्राविषयी. शिवपुत्रांनी ते फार सुंदर लिहिलं आहे. मला ऐकताना वाटत होतं, हा कोण बुवा एवढा गुणी माणूस, याला भेटलं पाहिजे. 'शिस्तीचे मेरुमणी' म्हटलंत, चालेल. 'अश्वहृदयज्ञ' म्हटलंत, त्याचा अर्थ मी शेजारच्या पाहुण्यांना विचारून घेतला, तोही चालेल. पण चौथ्या ओळीत एक वाक्य आहे: 'दफेदारसाहेबांच्या सोळा वर्षांच्या सेवेत मंडळाच्या एकाही घोड्याची पाठ लागली नाही.' ज्यांचा घोड्याशी संबंध नाही अशा मंडळींसाठी सांगतो. खोगीर चुकीचं असलं की पाठीचं कातडं सोलतं, आत मुरतं, पू होतो. त्याला पाठ लागणं म्हणतात. स्वाराच्या दृष्टीनं यापेक्षा मोठी नाचक्की नाही.

शिवपुत्रांची यात काही चूक नाही. ते तीन वर्षांपूर्वी चिटणीस झाले. त्यांना कुणी सांगितलं नसेल. जुने सभासद समोर बसले आहेत, त्यांतल्या दोघांनी ते वाक्य ऐकून मान खाली घातलेली मी पाहिली. मला वाटलं होतं, ते वाक्य मुकाट्यानं ऐकून घेता येईल. आठ वर्षं गप्प बसलोय, आणखी एका दुपारी काय होणार होतं? पण नाही जमत. शीण आलाय मला त्याचा.

सन एकोणीसशे सत्तावीस. मंडळाकडं त्या वेळी एक घोडी होती, तिचं नाव सुपारी. रंग अगदी चिकणी सुपारीसारखा. माळेगावच्या बाजारातून आणलेली. अंगानं आपल्या दख्खनी रक्ताची, आखूड पाठीची, रुंद, भरल्या खांद्यांची. पळण्यात साधारण. उडी मारण्यात त्याहून साधारण. पण चालायची अशी, की पाहणाऱ्यानं हातातलं काम ठेवावं. पुण्याला पौषात एक स्पर्धा भरायची. विलायतेत त्या प्रकाराला ड्रेसाज म्हणतात, आम्ही चालीची परीक्षा म्हणत असू. त्यात शर्यत नाही, उड्या नाहीत. चुन्यानं आखलेल्या चौकोनात घोड्यानं चालायचं, दुडकायचं, आडवं सरायचं, मागं यायचं. आणि स्वारानं काही केलंय असं दिसता कामा नये. मोठमोठ्या पलटणींचे साहेब त्यात उतरायचे. सुपारीला मी तीन वर्षं त्यासाठी तयार केली होती. माझ्या आयुष्यात माझ्या हातून एवढी चांगली वस्तू दुसरी झाली नाही. हे मी माझ्या मुलींच्या देखत सांगतो, त्यांनी राग मानू नये.

अडचण एकच होती. तिच्या अंगाचं खोगीर आमच्याजवळ नव्हतं. असल्या परीक्षेला खोगीर खोल बैठकीचं लागतं, पाय लांब सुटावा असं लागतं. तेव्हाचे अध्यक्ष, कैलासवासी विरूपाक्षअण्णा, मनानं उदार माणूस. पण मंडळाची तिजोरी मनासारखी नव्हती. समितीनं साठ रुपये मंजूर केले. नवं विलायती खोगीर म्हणजे दोनशेच्या पुढची गोष्ट.

त्या वेळी या शहरात घोड्याच्या सामानाला ज्याच्या हाताला तोड नव्हती असा एकच माणूस होता. बाळीवेशीत त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक ओटा आणि वर पत्रा. सिद्धप्पांना बोलावलं. ते भाद्रपदात येऊन गेले. आले ते थेट घोडीजवळ, समितीला रामराम नंतर. शिशाची पट्टी तिच्या खांद्यावरून वाकवली, कागदावर ठेवून रेघ ओढली. मग म्हणाले, "दफेदार, तुमचं जुनं मोडकं खोगीर हाय की, त्याचं कातडं अजून झ्याक हाय. लाकडाचा सांगाडा तेवडा नवा करतो, हिच्या मापानं, रुंद. आत सांगोल्याकडची मेंढराची लोकर भरतो. पंचेचाळीसात होतंय. पर एक हाय, ठिगळं दिसतील."

सभ्य गृहस्थहो, कमी पैशात चांगलं खोगीर मिळत नाही ही गोष्ट खोटी आहे. मिळतं. फक्त ते कमी पैशातलं आहे हे चारचौघांना दिसतं. समितीला ठिगळं नको होती. पुण्याला साहेबलोकांत ठिगळांचं खोगीर घेऊन जायचं? तेवढ्यात सिद्धप्पांची लेक बाळंतपणाला अडली, म्हणून ते अक्कलकोटकडे निघून गेले. आणि आश्विनात एक व्यापारी लिलावातलं खोगीर घेऊन आला. अस्सल विलायती. पितळी पट्टी, कारखान्याचा शिक्का, कातडं असं की त्यात तोंड बघावं. साठ रुपयांना तयार. आठ दिवसांत परत केलं तर पैसे परत, अशी बोली.

आता ते खोगीर आम्ही कसं पारखलं ते ऐका. याच इमारतीच्या ओसरीवर लाकडी बाकाच्या पाठीवर ते टाकलं, आणि समितीचे सभासद एकेक करून त्यावर बसले. कुणी म्हणाले मऊ आहे, कुणी म्हणाले ऐसपैस आहे. विरूपाक्षअण्णांना उतरायलाच दोघं लागले, तरी ते म्हणाले, उत्तम. घोडी पलीकडं शंभर हातांवर बांधली होती. तिच्या पाठीवर ते ठेवून बघावं असं कुणाला सुचलं नाही. हसू नका. शेवटी अण्णांनी मला विचारलं, "दफेदार, तुमचं मत काय?"

मीही त्यावर बसलो होतो. मला हे सांगायला जड जातंय. रिसाल्यात बावीस वर्षं तसली खोगिरं मी साबणानं पुसली, तेलानं चोळली, साहेबांच्या घोड्यांवर चढवली. एकदाही त्यावर बसलो नव्हतो. शिपायाचं सामान वेगळं, साहेबाचं वेगळं. त्या दिवशी बसलो, आणि पन्नाशीच्या माणसाला मिशी फुटलेल्या पोराएवढा आनंद झाला. मी म्हणालो, "झकास बसतंय." घोडीचा विचार मनात आला होता. मी तो बाजूला सारला. कुणी विचारलं तर न सुचल्याचं सोंग करता येतं, पण मला सुचलं होतं.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं, अवजारं, वाहनं सगळ्यांची पूजा. तागडीपासून मागापर्यंत काही सुटत नाही. समितीनं खोगीर चौरंगावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सुपारीला न्हाऊ घालून, शिंगार करून सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत नेली, त्याच खोगिरात. लोकांनी सोनं उधळलं. मी वर बसलो होतो. तिनं दोनदा पाठ खाली घेतली, मी समजलो गर्दीला बुजली.

एकादशीला सकाळी सिद्धप्पा गावाहून परत आले. त्या संध्याकाळपर्यंत खोगीर परत करता येत होतं. सिद्धप्पांनी राख चाळून आणली, घोडीच्या पाठीवर भुरभुरली, वर खोगीर अलगद ठेवलं. मला बसवून दहा पावलं चालवलं. मग उतरवून खोगीर सरळ वर उचललं. पुढं खांद्यांशी, दोन्ही अंगांना, राख दबून काळी पडली होती. मधे ती जशीच्या तशी, फुंकर मारली तर उडेल अशी.

"ह्ये बगा," ते म्हणाले, "तुमी सगळं ह्या दोन जाग्यावर बसलाय. सांगाडाच अरुंद हाय. परत करा."

मी म्हणालो, "खाली लोकरीचा जाड नमदा घातला तर?"

"जोडा चावायलाय म्हनून जाड मोजं घातलं तर चावायचं ऱ्हातंय व्हय, दफेदार?"

मी अण्णांकडं गेलो. अण्णा संतापले नाहीत, ते घाबरले. म्हणाले, खंडेनवमीला पुजलेली वस्तू बाजारात परत टाकायची? मंडळाला ते शुभ नाही. बरं, उसवून आत काही करायचं तर पुजलेल्या वस्तूला सुरी लावायची नाही. आणि मग सहज, अगदी सहज म्हणाले, "तुम्हीच तर म्हणाला होतात झकास बसतंय." त्यावर उत्तर होतं. 'चुकलो होतो' एवढंच म्हणायचं होतं. संध्याकाळ झाली आणि मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी मी बाळीवेशीत गेलो. सिद्धप्पांना म्हणालो, काहीतरी करा, सुरी न लावता करा, कुणाला सांगू नका. ते नको म्हणत होते. मी त्यांचा हात धरला. तेव्हा त्यांनी टोकदार अरीनं कोपऱ्यातला एक टाका सोडवला, पुढच्या गादीतली मूठभर लोकर बोटांनी ओढून काढली, आणि आपल्या दोऱ्यानं टाका पुन्हा घातला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "म्हैनाभर निबंल ह्यानं. पर लाकूड हाय त्ये लाकूडच हाय. पुन्याला न्हेऊ नगा हिला, ह्या खोगिरात."

मी नेली. तीन वर्षं शिकवलेली घोडी, पौषात परीक्षा, खोगिराला दुसरा बंदोबस्त नाही, आणि महिनाभर ती खरोखर बरी चालत होती. सवार स्वतःला काय काय समजावतो, ते सवारालाच ठाऊक.

पुण्याला चौकोनात तिनं पहिल्या दोन चाली अशा केल्या, की एक गोरा परीक्षक उठून उभा राहिला. तिसऱ्याला मागं सरायचं होतं. मी इशारा दिला. ती मागं सरली नाही. ती खाली बसू लागली, गाय बसते तशी, आणि थरथरायला लागली. परीक्षकानं सगळ्यांदेखत खोगीर उतरवायला लावलं. त्याबरोबर कातडंही आलं. दोन्ही अंगांना, तळहाताएवढं. एका साहेबानं फक्त आपली टोपी काढली, आणि घोडीकडं बघून पुन्हा घातली.

सुपारीला पुन्हा खोगीर चढलं नाही. जखमा भरल्यावर मंडळानं ती टांग्याला विकली. एकदा स्टेशनबाहेर मला दिसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तर हात टेकण्याआधीच ती खाली वाकली. त्यानंतर मी कितीतरी दिवस स्टेशनकडं गेलो नाही. पुढं दोन वर्षांनी ती मेली असं कळलं.

माघात समिती बसली. खोगीर समोर ठेवलेलं. एका सभासदाला कोपऱ्यातला टाका दिसला. बाकी सगळा विलायती दोरा, हा एकच देशी. अण्णांनी मला विचारलं, "या खोगिराला कुणी हात लावला होता?" मी म्हणालो, "सिद्धप्पानं."

यात खोटा शब्द एकही नाही. मी आठ वर्षं हेच मनाला सांगत आलो. कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. सिद्धप्पांना बोलावलं. ते दारात उभे राहिले, आत या असंही कुणी म्हटलं नाही.

"हा टाका तुझा?"

"माजाच."

"पुजलेलं खोगीर का उसवलंस?"

सिद्धप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या फेट्याचा शेमला नीट करत होतो. शेमला बसेपर्यंत ते थांबले, आणि मग म्हणाले, "चुकलं."

इतिवृत्तात नोंद झाली, 'खोगीर बिघडवण्यास व घोडीची पाठ लागण्यास सिद्धप्पा जीनगर कारण.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मंडळाचं काम त्यांचं गेलं. मंडळाचं गेलं म्हणून पोलिसांच्या पागेचं गेलं. पुजलेल्या वस्तूला हात लावतो, पाठी लावतो, असं बाजारात झालं, तेव्हा टांगेवालेही येईनात. ज्या बोटांना घोड्याची पाठ डोळे मिटून कळत होती, ती बोटं आठ वर्षं गिरणीच्या पट्ट्यांना टाके घालतायत. मी मात्र इथंच राहिलो. पगार चालू राहिला. दर दसऱ्याला मिरवणुकीत पुढं राहिलो. आणि आज माझ्या अंगावर शाल आहे.

काल मी त्यांच्याकडं गेलो, सभेचं बोलावणं द्यायला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावर बसलो. त्यांनी पाणी दिलं. मी विचारलं, "सिद्धप्पा, त्या दिवशी तुमी बोलला का न्हाईत? मीच सांगितलं हुतं म्हनून का न्हाई सांगितलं?" त्यांनी हातातला पट्टा खाली ठेवला नाही. टाका पुरा करून म्हणाले, "तुमी बोलाल म्हनून थांबलो की. मग लई दिस झाले."

अध्यक्ष महाराज, माझं आता संपत आलं. मंडळानं मला सोळा वर्षं सांभाळलं, माझ्या मुलींच्या लग्नांत समितीचे सभासद पंगतीला बसले, विद्यार्थ्यांनी माझा तिरसटपणा सोसला, पाहुण्यांनी या उन्हात येऊन माझं एवढं ऐकून घेतलं, या सर्वांचा मी ऋणी आहे. मानपत्र मी आज घरी नेत नाही. त्यातली चौथी ओळ शिवपुत्रांनी बदलावी आणि मग सवडीनं पाठवावं. नाही पाठवलं तरी माझी तक्रार नाही. सत्तावीस-अठ्ठावीस सालचं इतिवृत्ताचं पुस्तक मी कपाटातून काढून टेबलावर ठेवलं आहे. 'सिद्धप्पा जीनगर कारण' या शब्दांखाली मी सकाळीच लिहिलं आहे, की हे माझ्या सांगण्यावरून झालं, खोगीर मी पसंत केलं होतं, आणि पुण्याला नेऊ नका हा त्यांचा सल्ला मी मोडला. सही केली आहे. समितीनं चहाआधी ते वाचावं. मंडळाला पुन्हा कधी खोगीर घ्यायचं झालं तर बाकावर बसून घेऊ नये. एवढीच माझी विद्या.

बोलणारानं शेवटी उणंअधिक झाल्याबद्दल सभेची क्षमा मागावी, असा शिष्टाचार आहे. सभेनं मला माफ करावं असं मी म्हणत नाही. सभेचं मी काही बिघडवलेलं नाही, आणि सभा माफ करील हे मला माहीत आहे. या गावचे लोक दिलदार आहेत. मला माफी मागायची ती एका माणसाकडं. तो दारापाशी बसलाय, कारण या इमारतीत त्याला दाराच्या पलीकडं कधी कुणी बोलावलं नाही.

सिद्धप्पा, तुमी थांबला हुता. मी आज बोललो. लई उशीर झाला, त्ये मला कळतंय. तुमी व्हय म्हना, न्हाई म्हना, न्हाय तर गप ऱ्हावा, मी त्ये ऐकीन. पर आदी हितं फुडं येऊन बसा.